मोरीच्या खड्ड्याला टेकू कुठाय?

दिवाळी सरली की गावोगाव रस्त्यांची, मोऱ्यांची कामे निघतात. नेमक्या त्याच दिवसांत रात्रभर उसाच्या ट्रॉल्या चालतात. रस्ता अर्धा खोदलेला, पुढे चुना फासलेले चार धोंडे आणि बाभळीची एक फांदी. याला म्हणे अडथळा! काम संपते, धोंडे तिथेच राहतात, अन् मोटारसायकलवाला रात्री त्यांवरच आपटतो.

केंद्रीय रस्ते मंत्रालयाच्या मानकांत स्पष्ट लिहिले आहे. अडथळे सहज सरकणार नाहीत असे भक्कम हवेत, त्यांवर काळे-पांढरे पट्टे हवेत आणि सूर्यास्तापासून सूर्योदयापर्यंत तांबडे दिवे जळते हवेत. डांबराचे रिकामे पिंप तर वाऱ्यानेही लोळते.

खड्ड्याची गोष्ट याहून गंभीर. आपली काळी जमीन उन्हात भेगाळते, ओली झाली की फुगते. सकाळी भिंतीसारखी उभी असलेली बाजू दुपारी न सांगता ढासळते. म्हणून केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाचे सुरक्षा नियम सांगतात, की चर १.५ मीटर, म्हणजे पाचेक फूट खोल असेल तर बाजूंना उतार द्या, नाहीतर लाकडाचा आधार द्या. म्हणजे बाजूंना फळ्या आणि मधे आडवे टेकू. त्यासाठी सेंट्रिंगच्या कुजक्या फळ्या आणून उभ्या करणे ही निव्वळ फसवणूक. उपसलेली माती काठापासून १.५ मीटर किंवा खोलीच्या निम्मी, यांपैकी जे जास्त तितकी दूर टाकायची. प्रत्यक्षात ढीग काठावरच असतो, अन् शेजारी जेसीबी धडधडत असतो. चर १.२ मीटर झाला की दर ३० मीटरला शिडीही हवी, तीही जमिनीच्या वर ९० सेंटीमीटर आलेली. खाली वाकलेल्या मजुराला पळायला दुसरी वाट कुठली?

हे होत का नाही? अडथळ्यांचे, दिव्यांचे वेगळे पैसे बहुधा मिळत नाहीत, ते कामाच्या दरातच धरलेले असतात. मग जे लावले नाही ते कंत्राटदाराच्या खिशात.

सरपंच आणि ग्रामपंचायतीच्या अधिकाऱ्यांनी खोदाईच्या पहिल्याच दिवशी शाखा अभियंत्याला विचारावे : फळ्या, टेकू, शिडी, दिवे कुठे आहेत? उत्तर टोलवले तर २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली कराराच्या अटींची प्रत मागता येते. आणि शेतकरी मंडळी, खड्ड्यावरचा दिवा विझलेला दिसला तर सकाळची वाट बघू नका, त्याच वेळी सरपंचाला उठवा. पहाटे तिथून तुमच्याच उसाची ट्रॉली जायची आहे.