आफ्रिकेतली महागडी सफारी, आपली मे महिन्याची सुट्टी आणि खर्चाचा खरा हिशोब

आमच्या शाळेतल्या एका सहकाऱ्याला मोबाईलवर मेसेज आला. केनियात पंचतारांकित लॉज, ७० टक्के सूट, जागा थोड्याच. सरांनी घरात मशवरा केला, चार जणांची आगाऊ रक्कम भरून टाकली. मग हळूहळू उलगडा झाला. दर खोलीचा नव्हता, माणशी होता. लॉज राखीव क्षेत्राच्या गेटबाहेर होतं. आणि गेटची फी दरात धरलेलीच नव्हती. जाणं रद्द झालं, पैसे अर्धेच परत आले. मुलं अजून विचारतात, अब्बा, सिंह कधी दाखवणार?

सर काही भोळे नाहीत. या धंद्यात दर सांगण्याची पद्धतच अशी आहे की हिंदुस्थानी हॉटेलांची सवय असलेला माणूस फसतो. आपण 'एका खोलीचे किती' असं विचारतो. आफ्रिकेतली लॉजं 'दोघांनी एक खोली वापरल्यास माणशी, एका रात्रीचे' असा दर सांगतात. म्हणजे ३०० डॉलर वाचले की नवराबायकोचे ६०० समजायचे. एकटा माणूस गेला तर वर जादा आकार. दुसरा प्रश्न, दरात काय काय आहे? फक्त राहणं आणि जेवण, की रोजच्या दोन जीपफेऱ्यासुद्धा? दोन लॉजांच्या दरात मोठा फरक दिसतो तेव्हा पुष्कळदा तो या जीपफेऱ्यांचाच असतो.

आता मसाई माराच्या फीबद्दल. २०२४ पासून परदेशी पाहुण्याला जानेवारी ते जून दिवसाला १०० डॉलर आणि जुलै ते डिसेंबर २०० डॉलर द्यावे लागतात. नऊ ते सतरा वर्षांच्या मुलांना ५०. लॉज गेटबाहेर असेल तर हे तिकीट सकाळी सहा ते संध्याकाळी सहा, बारा तासांचं. आईवडील आणि दोन मोठी मुलं धरा. मे महिन्यात दिवसाचे ३०० डॉलर, दिवाळीच्या सुट्टीत ५००. तीन दिवसांत ६०० डॉलरचा फरक, म्हणजे पन्नास हजार रुपयांच्या वर. नोव्हेंबरात लॉजं सूट देतात हे खरं, पण गेटवर सूट नाही. जाहिरातीत हे कोणी सांगत नाही.

आपल्या शाळांची मोठी सुट्टी एप्रिलअखेर ते जूनच्या मध्यापर्यंत असते. युरोप-अमेरिकेचे लोक जुलैनंतर येतात, कारण विल्डबीस्टचे कळप मारा नदी ओलांडतात ते साधारण जुलैअखेर ते ऑक्टोबर. मार्च ते मे हा तिकडचा मोठा पाऊस. तेव्हा नामांकित लॉजंसुद्धा दर उतरवतात, 'तीन रात्रींचे पैसे, चौथी मोफत' देतात. काही कॅम्प तर बंदच असतात. चिखल असतो, गवत उंच असतं, नदीवरचा तो टीव्हीवाला देखावा दिसणार नाही. पण सिंह, हत्ती, जिराफ मारा सोडून कुठे जात नाहीत. मला विचाराल तर मुलांसाठी मे अखेर ते जूनचा पहिला आठवडा ही सगळ्यात चांगली वेळ. दर फार चढलेले नसतात, पाऊस ओसरू लागलेला असतो आणि मोठ्यांची गेटची फीही अर्धी.

गाडी माणशी नसते, गाडीगणिक असते. म्हणून दोन कुटुंबांनी मिळून एक गाडी घेतली तर खर्च चांगलाच खाली येतो. बोत्स्वानाच्या मागे मात्र लागू नका. त्या देशाचं धोरणच 'थोडे पाहुणे, चढे दर' असं आहे.

दक्षिण आफ्रिकेत वेगळा रस्ता आहे. सॅबी सँड हे खाजगी राखीव क्षेत्र आणि शेजारचं क्रूगर राष्ट्रीय उद्यान यांच्यामधलं कुंपण १९९३ मध्ये काढलं गेलं. प्राणी इकडचे तिकडे फिरतात. सॅबी सँडमधल्या बड्या लॉजात माणशी रात्रीला हजार डॉलर सहज जातात. क्रूगरमध्ये स्कुकुझा, सतारा, लोअर सॅबी अशा सरकारी कॅम्पात त्याच्या कितीतरी कमी पैशात बंगली मिळते, तीही स्वयंपाकघरासकट. गाडी स्वतः चालवायची, हलाल मटण सोबत न्यायचं, स्वतः शिजवायचं. ज्यांना लॉजचा अनुभव हवाच आहे त्यांनी चार रात्री क्रूगरला आणि एकच रात्र खाजगी लॉजात काढावी. फक्त मुलांचं वय आधी सांगा; बरीच लॉजं सहा वर्षांखालच्या मुलांना उघड्या जीपमध्ये घेत नाहीत.

स्वस्ताचा विचार करताना पैसा कुठे जातो हेही पाहावं. ऑगस्ट २०२५ मध्ये मारात रिट्झ-कार्लटनचा कॅम्प सुरू झाला, दर रात्रीला साडेतीन हजार डॉलरच्या आसपास. तो प्राण्यांच्या वाटेवर बांधलाय असा आरोप करत एक मासाई अभ्यासक कोर्टात गेले. सरकारी वन्यजीव खात्याने आरोप नाकारला. दुसरीकडे नाबोईशो, मारा नॉर्थ अशी राखीव क्षेत्रं आहेत, जिथली जमीन मासाई कुटुंबांची आणि तिचं भाडं त्यांच्या हातात जातं. गाड्यांची गर्दी कमी, रात्रीची फेरीही करता येते. पावसाळ्यात इथले छोटे कॅम्पही दर उतरवतात. माझी पसंती इथे.

कोकणातल्या कितीतरी घरांचे नातेवाईक नैरोबी, मोंबासा, केपटाऊनला पिढ्यान्‌पिढ्या आहेत. 'मामू तिथेच आहेत, त्यांच्या नावावर स्वस्तात होईल' असं ऐकायला मिळतं. तसं होत नाही. रहिवाशांचा कमी दर ओळखपत्र दाखवणाऱ्यालाच मिळतो. मामूंना मिळेल, तुम्हाला नाही. मामूंचा उपयोग दुसरा आहे. त्यांनी थेट लॉजला फोन करून विचारावं की या एजंटाने आमच्या नावाने खरंच बुकिंग केलंय का.

मुंबईहून नैरोबी थेट विमानाने साधारण सहा तास. केनियाची परवानगी ऑनलाइन काढावी लागते. पीतज्वराची लस मान्यताप्राप्त केंद्रातच, निघण्याच्या किमान दहा दिवस आधी घ्या. तो दाखला नसेल तर परत आल्यावर मुंबई विमानतळावरून थेट विलगीकरणात जावं लागेल. आमच्या सरांनी या वेळी सुरुवात तिथूनच केलीय. एजंटाला मात्र अजून एक पैसाही दिलेला नाही.