पिशवी तीच, पॉलिसी वेगळी

मागच्या महिन्यात माझी मावसबहीण भगवंताच्या दर्शनाला म्हणून बार्शीत आली. दर्शन राहिलं बाजूलाच, आल्या आल्या पर्समधून एक कागद काढून माझ्यापुढे ठेवला. "अक्का, तू भिशीतल्या सगळ्यांचे फॉर्म भरतेस, हे जरा वाच बरं. पैसे देत नाही म्हणतेत, एवढंच कळलं मला."

कागद टीपीएचा होता. म्हणजे विमा कंपनीच्या वतीने दवाखान्याची बिलं तपासणाऱ्या संस्थेचा. पेशंट तिचं थोरलं लेकरू. मुलगी म्हणून जन्मलं, इथंच शाळा शिकलं, आता पुण्यात नोकरी करतं आणि गेली पाच वर्षं मुलगा म्हणून राहतं. मीही त्याला ‘तो’च म्हणते. सुरुवातीला जीभ अडखळायची, आता नाही. बहिणीची अजून अडखळते. रागावली की ‘तो’ म्हणते आणि रडू आलं की ‘ती’.

त्याला गर्भपिशवी काढायची होती. मानसोपचारतज्ज्ञांनी तपासून लिहून दिलेलं, सर्जनने तारीख दिलेली. दवाखान्याच्या इन्शुरन्स डेस्कने कॅशलेससाठी कागद पाठवले आणि दुसऱ्या दिवशी उत्तर आलं : नामंजूर, एक्सक्लूजन 07.

मैत्रिणींनो, पिशवी काढणं ही काही आपल्याला परकी गोष्ट नाही. आपल्यातल्या कितीजणींची निघाली आहे! गाठी असतील, अंगावरून फार जात असेल, तर बहुतेक मेडिक्लेम पॉलिसी दोन वर्षं थांबायला लावून का होईना, पण त्याचे पैसे देतात. जवळच्या बीड जिल्ह्यात तर ऊसतोड बायकांच्या पिशव्या नको तितक्या निघाल्या. 2019 मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या समितीने पाहणी केली, तेव्हा तेरा हजारांहून जास्त बायकांची शस्त्रक्रिया झाल्याचं पुढे आलं. म्हणजे एकीकडे गरज नसताना काढतात, आणि दुसरीकडे ज्याला ती अंगात नकोशी झाली आहे, त्याला विमा नाही म्हणतो. ऑपरेशन तेच. कागदावर कारण कुठलं लिहिलंय, एवढ्यावर सगळा फरक.

हे एक्सक्लूजन 07 म्हणजे काय, म्हणून मी माझ्या घरची पॉलिसी काढली. कपाटात साड्यांखाली असते ती! विमा नियामक संस्थेने, म्हणजे आयआरडीएआयने, सप्टेंबर 2019 मध्ये कंपन्यांना काय काय वगळता येईल याची एक ठरलेली यादी केली. त्यात सातव्या क्रमांकावर आहे शरीराची लक्षणं विरुद्ध लिंगासारखी करण्याचा कोणताही उपचार, शस्त्रक्रियेसह. आठव्यावर कॉस्मेटिक सर्जरी. आणि खाली सतराव्यावर वंध्यत्व, अठराव्यावर बाळंतपण. वाचून मी थांबलेच. आपण आणि तो एकाच यादीत!

गंमत पुढे आहे. या यादीनंतर तीनच महिन्यांत, डिसेंबर 2019 मध्ये, तृतीयपंथी व्यक्तींच्या हक्कांचा कायदा झाला. त्याच्या कलम 15 मध्ये अशा शस्त्रक्रिया, हार्मोनचे उपचार यांचा खर्च भागवणाऱ्या विमा योजनेची तरतूद करावी, असं लिहिलं. कायदा म्हणतो विमा द्या, यादी म्हणते वगळा. दोन्ही एकाच देशात, एकाच वर्षात. फट अशी, की कायद्याने जबाबदारी टाकली ती सरकारवर. खाजगी कंपनीला त्याने हात लावला नाही.

मनाच्या आजारांच्या बाबतीत असं झालं नव्हतं. 2017 च्या कायद्यात विमा कंपन्यांनाच सांगितलं, शरीराच्या आजाराला देता तसा मनाच्या आजारालाही विमा द्या. मग 2018 मध्ये नियामकाने तसं पत्रक काढलं. कायद्यात नाव घेऊन सांगितलं की कंपन्या ऐकतात.

सरकारने काहीच केलं नाही असं नाही. ऑगस्ट 2022 मध्ये आयुष्मान भारतखाली तृतीयपंथीयांसाठी वर्षाला 5 लाखांचं संरक्षण जाहीर झालं, शस्त्रक्रियेसकट. पण त्याला ओळखीचं प्रमाणपत्र हवं आणि योजनेतलं रुग्णालय हवं. बार्शीत कॅन्सरवर उपचार घ्यायला धाराशिव, बीडकडून लोक येतात, दवाखान्यांचं गावच म्हणतात आपल्याला. तरी हे उपचार म्हटलं की पुणे-मुंबईच गाठावी लागते.

तुम्हाला बीडचे पोलीस शिपाई ललित साळवे आठवत असतील. 2017 मध्ये त्यांनी या शस्त्रक्रियेसाठी रजा मागितली, खात्याने नाकारली, प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलं. शेवटी सरकारने परवानगी दिली आणि मे 2018 मध्ये मुंबईच्या सेंट जॉर्ज रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली. तेव्हा आपण सगळ्या नोकरी राहणार का, लग्न होणार का, हेच बोलत होतो. पैसे कोण देणार, हे कुणी विचारलं नाही, कारण रुग्णालय सरकारी होतं.

माझ्या भाच्याचं तसं नाही. दर महिन्याची इंजेक्शनं, रक्ताच्या तपासण्या तो पगारातून भागवतो, कारण ॲडमिट न होता घेतलेल्या औषधांना साधी पॉलिसी तशीही पैसे देत नाही. ऑपरेशनपुरता तरी आधार होईल, असं त्याला वाटलं होतं. फोनवर मला म्हणाला, "मावशी, उद्या मला खरंच पिशवीचा आजार झाला तर? पॉलिसीत मी पुरुष. पुरुषाला पिशवी कुठली, म्हणतील." माझ्याकडे उत्तर नव्हतं.

बहीण म्हणाली, पाटल्या मोडते. तिच्या आईच्या पाटल्या आहेत त्या. मी म्हटलं, थांब जरा. बाळंतपणसुद्धा याच यादीत आहे ना? तरी मोठ्या कंपन्यांच्या बायकांना ते मिळतं. कारण गटविमा घेताना कंपनी जादा हप्ता भरून ते कलम काढून घेते. सातवंही तसं काढता येतं, काही कंपन्यांनी काढलंही आहे. फक्त कुणीतरी मागावं लागतं, आणि मागायचं म्हणजे ऑफिसात सगळ्यांपुढे उभं राहायचं. बाळंतपण मागताना बाईला लपायचं नसतं, याला अजून निम्म्या ऑफिसला सांगायचं आहे.

त्यांच्या गटविम्याचं नूतनीकरण एप्रिलमध्ये आहे. त्याने एचआरला पत्र लिहिलंय, मला वाचायला पाठवलं. इंग्रजी चांगलं आहे पोराचं, दोनच ठिकाणी मी खुणा केल्या. खाली सहीची जागा मात्र रिकामी होती. पगाराच्या रेकॉर्डवर अजून जुनंच नाव आहे, आणि कुठल्या नावाने सही करू, हे त्याने आईला विचारलंय. बहीण दोन दिवस राहिली, पाटल्या रुमालात बांधून परत घेऊन गेली. उत्तर तिने अजून दिलेलं नाही.