विमान डोक्यावरून, आपण फलाटावर

मुंबई विमानतळ ते नाशिकचा ओझर विमानतळ, सरळ रेषेत अंतर साधारण 158 किलोमीटर. दोन्ही ठिकाणांचे अक्षांश-रेखांश दिले की संगणक हा आकडा क्षणात काढतो. मी सॉफ्टवेअरवाला, असले हिशेब माझ्या रोजच्या कामातले. एकदा सहज ती रेषा नकाशावर आखली, तर ती माझ्या कसाऱ्याजवळून, स्टेशनपासून अवघ्या काही किलोमीटरवरून गेली.

डिसेंबर 2017 मध्ये 'उडान' योजनेखाली या मार्गावर 19 आसनांचे छोटे विमान सुरू झाले. हवेतला वेळ पाऊण तासाच्या आसपास. तिकीट स्वस्त राहावे म्हणून विमान कंपनीची तूट योजनेतून भरून दिली जाई. तरीही ती सेवा टिकली नाही. मला त्याचे नवल वाटत नाही. मुंबईच्या रहदारीतून विमानतळ गाठा, तासभर आधी हजर राहा, ओझरला उतरून पुन्हा वीस-एक किलोमीटरवरचे नाशिक शहर गाठा. घरापासून घरापर्यंत मोजले तर पाऊण तासाचे साडेतीन-चार तास होतात. तेवढ्यात मोटारही पोचते.

आता त्याच रेषेखालच्या माणसाचे पाहा. सीएसएमटीपासून 121 किलोमीटरवर, कसाऱ्याला, लोकलची हद्द संपते. अडीच तास तर गाडीतच जातात. पाड्यावरच्या माणसाने स्टेशनला येण्यासाठी जीपची वाट पाहिली, तो वेळ वेगळा. एक लोकल चुकली की पुढचीची वाट, तो आणखी वेगळा. थळ घाटाचा चढ 37 फुटांना एक फूट, म्हणून लांब पल्ल्याच्या गाड्या 1865 पासूनच्या या मार्गावर कसाऱ्याला थांबतात आणि मागे जादा इंजिने जोडून घेतात. अनेक गाड्यांचा हा थांबा इंजिनासाठी असतो, प्रवाशासाठी नाही.

जून 2025 मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा 76 किलोमीटरचा शेवटचा टप्पा खुला झाला. बोगद्यातून घाट काही मिनिटांत पार होतो. पण त्या रस्त्यावर दुचाकीला बंदी आहे, आणि आमच्याकडे बहुतेक घरांत असेल तर दुचाकीच असते.

विमान नको, महामार्ग नको, असे माझे म्हणणे नाही. माझा आक्षेप मोजपट्टीला आहे. प्रवासाचा वेळ दोन मोठ्या शहरांमध्ये मोजला जातो आणि मधली माणसे हिशेबातून गळतात. कामात आम्ही प्रोग्रॅमर एक गोष्ट लवकर शिकतो: जे मोजलेच नाही, ते कधी सुधारत नाही. अम्मीला तपासणीसाठी ठाण्याला नेताना डॉक्टरसमोर दहा मिनिटे आणि प्रवासात अख्खा दिवस जातो. तो दिवस कोणत्याही अहवालात दिसत नाही.

म्हणून दोस्तांनो, मोजायला आपणच सुरुवात करू. महिनाभर आपापल्या घरातल्या प्रवासाची नोंद ठेवा. घर कधी सोडले, वाट किती पाहिली, पोचलो कधी, मजुरी किती बुडाली. मोहल्ल्याची, पाड्याची, वाडीची नोंद एकत्र करा. लोकल सगळ्यांची एकच आहे. ती घेऊन ग्रामसभेत उभे राहा, रेल्वेकडे लेखी मागणी करा, उत्तर आले नाही तर माहितीचा अधिकार वापरा. तक्रार टाळता येते. तारीखवार आकडे टाळणे तितके सोपे नसते.