हागणदारीमुक्तीच्या पुढे

एप्रिल २०१८ मध्ये महाराष्ट्राचा ग्रामीण भाग हागणदारीमुक्त झाल्याची घोषणा झाली. गावोगावच्या वेशीवर तसे फलक लागले. घराघरांत शौचालय आले ही गोष्ट लहान नाही. पहाटेच्या अंधाराची वाट पाहणाऱ्या आयाबहिणींची कुचंबणा थांबली, त्याचे मोल आकड्यांत मांडता येणार नाही. परंतु शौचालय उभे राहणे म्हणजे स्वच्छता नांदणे नव्हे. त्या काळात खणलेले खड्डे आज भरले आहेत किंवा भरत आले आहेत. त्यांचे पुढे काय, या प्रश्नाचे उत्तर अनुदानाच्या कागदांत सापडत नाही. ते गावाच्या आरोग्यव्यवस्थेतच शोधावे लागेल.

हा मार्ग महाराष्ट्राला अपरिचित नाही. तुकोबांच्या देहूत प्राथमिक आरोग्य केंद्राचे वैद्यकीय अधिकारी म्हणून आलेल्या डॉ. सुहास मापुसकर यांनी तो साठच्या दशकातच चोखाळला. औषध घेऊन गेलेला रुग्ण तेच जंत आणि तेच जुलाब घेऊन पुन्हा दारात उभा राहतो, तेव्हा दोष औषधात नसून गावाच्या हागणदारीत आहे, हे त्यांनी ओळखले. आरंभी बांधलेली शौचालये पावसात ढासळली, तरी ते खचले नाहीत. कोकणात गोपुरी आश्रमात या विषयाला आयुष्य वाहिलेल्या अप्पासाहेब पटवर्धनांकडून त्यांनी शास्त्र समजून घेतले, त्यात भर घातली आणि ‘मलप्रभा’ हे मैल्यावर चालणारे जैववायू संयंत्र विकसित केले. सरकारी मोहिमांच्या कितीतरी आधी देहूत घरोघरी शौचालय पोहोचले. २०१७ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मश्री जाहीर झाली. त्यांच्या कार्याचे मर्म मात्र पुरस्कारात नाही. स्वच्छता हे आरोग्य केंद्राचे जोडकाम नसून पहिले काम आहे, हे त्यांनी आचरणातून दाखवले.

दोन शोषखड्ड्यांच्या शौचालयामागील विचार साधा आहे. एक खड्डा भरला की मैला दुसऱ्याकडे वळवायचा. बंद केलेल्या खड्ड्यातील मैल्याचे वर्ष-दीड वर्षात दुर्गंधीरहित खत होते आणि ते घरचा माणूसही शेतात नेऊ शकतो. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी खड्डा एकच खणला गेला, किंवा ‘मोठी टाकी म्हणजे पक्के काम’ या समजुतीने सेप्टिक टाकी बांधून तिचे पाणी उघड्या गटारात सोडले गेले. अशी टाकी तुंबते तेव्हा ती उपसायला कोणाला बोलावले जाते, हे सर्वांना ठाऊक आहे. हाताने मैला उपसण्याची प्रथा २०१३ च्या कायद्याने निषिद्ध ठरवली, तरी टाकीत गुदमरून सफाई कामगार दगावल्याच्या बातम्या थांबलेल्या नाहीत. समरसतेची भाषा बोलणाऱ्या समाजाने आपली घाण उपसण्याचे ओझे एकाच समाजघटकाच्या माथी ठेवावे, याहून मोठी विसंगती कोणती? शौचालयाची रचना हा केवळ गवंड्याचा विषय नाही. तो सामाजिक न्यायाचा विषय आहे.

यासाठी नवी यंत्रणा उभारण्याची गरज नाही. २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाने गावाला ‘आशा’ दिली आणि पंचायत, आरोग्य कर्मचारी व अंगणवाडी यांना एकत्र आणणारी आरोग्य व स्वच्छता समितीही दिली. समितीच्या हाती गावाच्या गरजेनुसार खर्च करण्यासाठी अबंधित निधीही ठेवला. आरोग्य विभाग पावसाळ्याआधी आणि नंतर पाण्याच्या स्रोतांची पाहणी करून ग्रामपंचायतींना लाल, पिवळे व हिरवे कार्ड देतो. पाण्यात टीसीएल पावडर टाकण्यासाठी जलसुरक्षक नेमलेला असतो. चौकट अशी पूर्ण आहे. उणीव आहे ती तिच्यात प्राण फुंकण्याची. समितीची बैठक सहीपुरती उरली आणि पिण्याच्या पाण्यात शिल्लक क्लोरीन किती, हे गावात कोणी विचारेनासे झाले, तर कार्डाचा रंग गावाचे रक्षण करणार नाही.

या ढिलाईची किंमत काय असते, हे २०२५ च्या आरंभी पुण्याने पाहिले. सिंहगड रस्त्यालगतच्या, २०२१ मध्ये महापालिकेत आलेल्या नांदेड, किरकटवाडी या गावांच्या परिसरात गुलेन-बॅरे या मज्जासंस्थेच्या विकाराचा उद्रेक झाला. पुणे विभागातील संशयित रुग्णांची संख्या दोनशेपलीकडे गेली. अनेक रुग्णांच्या नमुन्यांत कँपिलोबॅक्टर जेजुनी हा जीवाणू आढळला आणि संशयाची सुई दूषित पाण्याकडे वळली. धडधाकट माणसे कृत्रिम श्वासाच्या आधाराला गेली. मैला आणि पिण्याचे पाणी यांतील अंतर राखले गेले नाही, तर विद्येच्या माहेरघरालाही सूट मिळत नाही.

शासनाकडे मागण्या कराव्यातच. आरोग्य सेवकांची रिक्त पदे भरावीत, तालुक्याला मैला उपसणारी यांत्रिक गाडी आणि उपसलेल्या मैल्यावर प्रक्रिया करण्याची सोय असावी, आशांना त्यांच्या श्रमांचे मानधन वेळेवर मिळावे. पण समाजाचे काम समाजानेच करायचे असते. प्रत्येक गावातील चार जाणत्यांनी स्वच्छता समितीची बैठक दरमहा भरते का, हे पाहावे. खड्डे किती घरी एक आणि किती घरी दोन, याची यादी आशाताईंसोबत करावी. एका खड्ड्याच्या शेजारी दुसरा खणण्यास हात द्यावा. विहिरीपासून शौचालयाचे अंतर मोजावे. यात सत्कार नाही, छायाचित्र नाही. चिकाटी मात्र लागते.

गाडगेबाबांनी आधी हाती खराटा घेतला आणि मग कीर्तन केले. तो क्रम उलटला की स्वच्छता भाषणात उरते. वेशीवरचा फलक गावाने मिळवला आहे. तो खरा ठेवण्याचे उत्तरदायित्वही गावाचेच आहे.