पर्जन्यकाळातील मुक्काम

आषाढ-श्रावणात कोकणच्या प्रवासास निघणाऱ्या पुष्कळांची अशी समजूत असते की, समुद्र खवळला, किनाऱ्यावर उतरण्यास मनाई झाली आणि सरींमागून सरी कोसळू लागल्या म्हणजे सुट्टी व्यर्थ गेली. परंतु ज्या रत्नागिरीत वर्षाकाठी ३,००० मिलिमीटरांहून अधिक पर्जन्यवृष्टी होते, त्या प्रांतात छपराखालचा दिवस सत्कारणी लावण्याची तजवीजही पूर्वापार आहेच. ब्रह्मदेशाच्या ज्या पदच्युत थिबा राजाने १८८६ पासून १९१६ साली मृत्यू येईपर्यंतचा काळ येथे इंग्रज सरकारच्या नजरकैदेत कंठला, त्याच्या प्रासादातील संग्रहालय सावकाश पाहावे; सावंतवाडीच्या राजवाड्यात गंजिफाची वर्तुळाकार पाने रंगविणाऱ्या चित्रकारांचे हस्तकौशल्य न्याहाळावे; आणि मुक्कामी परतल्यावर, दहा अवतारांची प्रत्येकी बारा अशा १२० पानांचा, दिवसा रामाच्या व रात्री कृष्णाच्या उतारीने आरंभ होणारा, स्मरणशक्तीची कठोर परीक्षा पाहणारा दशावतारी डाव मांडावा.

प्रस्तुत अंकातील लेख याच धोरणाने योजिले आहेत. पावसाळी सहलीचा बेत मुक्रर करताना हवामान खात्याच्या इशाऱ्यांबरोबरच अशा वास्तूंच्या वेळाही वाचकांनी टिपून ठेवाव्यात, एवढीच आमची विनंती.