विरजणांतले जंतु आणि तळ्यांतले मासे

पाणचक्कीच्या हौदांतील मासे पाहण्यापलीकडे आमच्या बहुतेक वाचकांचा मत्स्यजातीशीं संबंध येत नाहीं, हें आम्ही जाणतों. (सारस्वत वाचकांनीं हंसूं नये, त्यांचा संबंध अधिक निकटचा आहे.) तथापि छत्रपति संभाजीनगरची तहान ज्या जायकवाडीच्या पाण्यानें भागते, त्याच्या भोंवतालच्या तळ्यांत कोणतें औषध पडावें आणि कोणतें पडूं नये, हा प्रश्न शुद्ध शाकाहारी कुटुंबासही परका नाहीं.

पैठणचें धरण १९७६ सालीं पुरें झालें. २०१६ पासून सरकारी साह्यानें मराठवाड्यांत शेततळींही झालीं. सांठलेल्या पाण्यांत रोहू, कटला, मृगळ सोडून चार पैसे मिळविण्याची बुद्धि शेतकऱ्यांस होणें स्वाभाविकच आहे. पण दाटीवाटीनें माणसें राहिलीं कीं जें होतें, तेंच माशांचेंही होतें. पाण्यांतला प्राणवायु कमी पडतो. अंगावर तांबडे चट्टे उठतात, व्रण पडतात, पोट फुगतें. एरोमोनस नांवाचे जंतु पाण्यांत एरव्हींही असतातच. मासा अशक्त झाला कीं ते उचल खातात. मग प्रतिजैविक औषध खाद्यांत मिसळण्याचा मोह होतो. येथेंच गोम आहे. आजारी मासा प्रथम अन्नच टाकतो. औषध खातो तो बहुधा धडधाकट मासा, आणि त्याच्याही पोटांतून त्याचा बराच भाग जसाच्या तसा बाहेर पडून चिखलांत जातो. तेथले जंतु त्या अल्प मात्रेला सरावतात, आणि हा प्रतिकाराचा गुण शेजारच्या निराळ्या जातीच्या जंतूंसही देऊं शकतात. फ्लेमिंगसाहेबांनीं १९४५ सालच्या नोबेल व्याख्यानांत अपुऱ्या मात्रेचा हाच धोका सांगितला होता. कोलिस्टिन हें माणसाच्या अखेरच्या उपायांपैकीं एक औषध. तें अन्नासाठीं पाळलेल्या प्राण्यांस देण्यास भारत सरकारनें २०१९ सालीं बंदी केली, ती याच भीतीनें.

आतां शास्त्रज्ञांची दृष्टि जंतूंच्या आपसांतील वैराकडे वळली आहे. एका जातीचे जंतु दुसऱ्यांस मारणारें द्रव्य सोडतात, हें बेल्जियममध्यें ग्राशिया यांनीं १९२५ सालीं दाखविलें. अशा प्रथिनरूप द्रव्यांस बॅक्टिरिओसिन म्हणतात. दूध आंबविणाऱ्या लॅक्टोकॉकस जातीच्या कांहीं जंतूंपासून मिळणारें निसिन हें त्यांतलें सुप्रसिद्ध. अन्न टिकविण्यासाठीं तें निर्धोक असल्याचा निर्वाळा जागतिक तज्ज्ञांनीं १९६९ सालीं दिला. निसिन शत्रुजंतूच्या पातळ पडद्याला भोंकें पाडतें आणि आंतला ऐवज गळून तो मरतो. पाचकरसांत तें स्वतः विरघळतें, म्हणून खाणाऱ्याच्या अंगांत सांठून राहत नाहीं. परंतु माशाचें पोटही तें पचवितेंच! यास्तव अशीं द्रव्यें निर्माण करणारे जिवंत जंतुच खाद्यांतून देण्याची युक्ति निघाली. बॅसिलस जातीचे जंतु येथें विशेष सोयीचे; त्यांचे बीजाणू उष्णता व कोरडेपणा सोसतात.

तरीही कोणी तळ्यांत ताकाची घागर ओतूं नये. एरोमोनसच्या भोंवतीं आणखी एक बाहेरचें आवरण असतें, त्यांतून निसिन सहसा शिरत नाहीं; चिलापी माशाला छळणाऱ्या स्ट्रेप्टोकॉकसला तें नसतें, म्हणून तेथें आशा अधिक. शिवाय कांचेच्या बशींत साधलेलें गढूळ तळ्यांत साधेलच असें नाहीं, आणि जंतु याही द्रव्यांस सरावूं शकतात. ज्या बाटलीवर जंतूचें नांव, जिवंत संख्या व मुदत छापलेली नाहीं, ती शेतकऱ्यानें घेऊंच नये, असें आमचें मत आहे. मासे विरळ सोडावे, उरलेलें खाद्य कुजूं देऊं नये, पाण्याची आम्लता पाहून चुना टाकावा; एवढें केल्यावर मग बाटलीचें बूच काढावें.