गेम ऑन, स्क्रीन ऑफ!

शुक्रवारची संध्याकाळ. ऑफिसची बॅग कोपऱ्यात भिरकावलेली, मॅनेजरचा फोन सायलेंटवर, कॉफी रेडी. कित्येक महिने पैसे साठवून घेतलेला नवाकोरा फोर-के मॉनिटर टेबलावर झळकतोय. गेमच्या सेटिंगमध्ये जाऊन तुम्ही ऐटीत ३८४० × २१६० निवडता, 'अप्लाय' करता आणि... अंधार! आवाज येतोय, गोळ्या सुटतायत, कुणीतरी तुम्हाला मारतंयसुद्धा. दिसत मात्र काहीच नाही. फार तर 'नो सिग्नल' नाहीतर 'आउट ऑफ रेंज' अशी एक पाटी पडद्यावर तरंगतेय.

यानंतर बहुतेक जण आधी मॉनिटरला शिव्या घालतात, मग कंपनीला, मग दुकानदाराला फोन लावतात. माझं म्हणणं एवढंच, की फोन लावण्याआधी मॉनिटरच्या मागे हात घाला आणि केबल बघा.

ही पाटी तशी आपल्या जुन्या ओळखीची. सायबर कॅफेत सतरा इंची डब्यावर काउंटर-स्ट्राइक खेळलेल्यांना आठवत असेल. कॉम्प्युटरने पाठवलेला रिफ्रेश रेट त्या डब्याला झेपला नाही, की तो हात वर करायचा. तेव्हा प्रश्न मॉनिटरच्या ताकदीचा होता. आता मॉनिटर पैलवान झालेत, वांधा होतो तो त्यांच्यापर्यंत जाणाऱ्या रस्त्याचा.

थोडं गणित करू या. घाबरू नका, पाचवीचंच आहे. फोर-केचा एक पडदा म्हणजे ८२,९४,४०० ठिपके, फुल एचडीच्या बरोब्बर चौपट. प्रत्येक ठिपक्याच्या रंगासाठी २४ बिट. हा पडदा सेकंदाला ६० वेळा नव्याने रंगवायचा, तर केबलमधून दर सेकंदाला सुमारे १२ गिगाबिट जायला हवेत. १४४ वेळा रंगवायचा तर २८ गिगाबिटच्याही वर. आता पाइप बघा. २००९ च्या एचडीएमआय १.४ चा पाइप १०.२ गिगाबिटचा. २०१३ च्या २.० चा १८ चा आणि २०१७ च्या २.१ चा ४८ चा. २०१६ च्या डिस्प्लेपोर्ट १.४ चा आकडा ३२.४, पण त्यातली काही जागा सिग्नलच्या बंदोबस्तातच जाते आणि चित्रासाठी उरतात जेमतेम २६. म्हणजे १४४ हर्ट्झ त्यात मावतच नाही! मग चालतं कसं? डीएससी नावाच्या युक्तीने चित्र दाबून पाठवलं जातं. ती युक्ती जीफोर्स आरटीएक्स २० मालिकेपासून आणि रेडिऑन आरएक्स ५००० मालिकेपासून पुढच्या कार्डांना येते. तुमचं कार्ड त्याहून जुनं असेल तर १२० हर्ट्झवर या, रंग १० बिटवरून ८ बिटवर आणा. फरक डोळ्यांना कळणारही नाही.

हे सगळं आत्ता आठवायचं कारण माझा मामेभाऊ. आमचं आजोळ बुलडाणा जिल्ह्यातलं पिंपळगाव राजा. शेगावला गाडीतून उतरायचं आणि खामगावमार्गे पुढे जायचं. हा पठ्ठ्या लग्नाच्या व्हिडिओंचं एडिटिंग करतो आणि रात्री गेम खेळतो. ऐन लग्नसराईत, मे महिन्यात, त्याने पस्तीस हजारांचा फोर-के मॉनिटर ऑनलाइन मागवला होता. मी पोचले तेव्हा खोलीत सुतक होतं.

"ताई, स्क्रीन घडीघडी काळी होऊन राह्यली. १४४ वर तं उघडतच नाही."

मॉनिटर परत करायच्या मुदतीचे दोनच दिवस उरले होते. एका दुकानदाराने फोनवरच, न बघता, निदान केलं होतं : पॅनल गेलं, घेऊन या, आठ-दहा हजार लागतील. एडिटिंगची दोन लग्नं हातात, नवरीकडचे रोज फोन करतायत. मामाचं वेगळंच चाललं होतं : "एवढ्या पैशात दोन टीव्ही आले असते लेका, अन् चित्रही दिसलं असतं." घरातल्या बाकीच्यांचा निकाल झाला होता : व्होल्टेज! कारण कूलर चालू केला, की स्क्रीन दोन सेकंद काळी व्हायची.

पुरावा तसा पक्का वाटतो. पण मी त्याला एकच विचारलं. स्क्रीन काळी होते तेव्हा कॉम्प्युटर पुन्हा सुरू होतो का? नाही. गाणं थांबतं का? नाही, वाजतच राहतं. मॉनिटरचा लाइट? तोही चालूच. बस्स! वीज खरंच पडली असती, तर बहुधा कॉम्प्युटरनेही मान टाकली असती. इथे फक्त चित्र वाटेत सांडत होतं. मग आम्ही रिझोल्युशन फुल एचडीवर आणलं, ६० हर्ट्झ ठेवलं आणि कूलर चांगला दहा वेळा चालू-बंद केला. स्क्रीन ढिम्म. फोर-के ६० वर गेलो की उघडझाप सुरू, १४४ वर ठार काळोख. ओझं वाढलं की दुखणं वाढतंय, म्हणजे संशयित केबलच.

कूलरचं पाणी उडू नये म्हणून सीपीयू पलीकडच्या भिंतीला ठेवला होता. तिथून मॉनिटरपर्यंत पाच मीटरची एचडीएमआय केबल, टीव्हीच्या सेट-टॉप बॉक्सची जुनी. वर सोनेरी अक्षरांत 'फोर-के' छापलेलं. (छापायला काय जातं!) अशा लांब, पातळ केबलचं आवरण कमकुवत असतं. कूलरची मोटर सुरू होताना विजेचा जो झटका हवेत पसरतो, तो ही केबल अँटेनासारखा पकडते. आणि मॉनिटरसोबत आलेली दीड मीटरची डिस्प्लेपोर्ट केबल कुठे होती? खोक्यात, थर्मोकोलखाली, पिशवीसुद्धा न फोडलेली. सीपीयू अलीकडे घेतला, ती केबल जोडली, १४४ हर्ट्झ निवडलं. चित्र लागलं. कूलर लावला, तरी चित्र राहिलं. मामाला गिगाबिटचा हिशोब सांगायला गेले, तर त्याने मधेच तोडलं : "म्हंजे मोटर पाच एचपीची अन् पाइप अर्ध्या इंचाचा. एवढंच ना?"

एवढंच.

कूलर नसलेल्या शहरी मंडळींनी फार हसू नये. गॅस-लिफ्टच्या ऑफिस खुर्चीवरून झटकन उठलं, की त्यातून निघणाऱ्या विद्युत लहरीनेही स्क्रीन क्षणभर जाऊ शकते. डिस्प्लेलिंक कंपनीने आपल्या सपोर्टच्या माहितीत हे चक्क लिहून ठेवलंय. तेव्हा बॉस आल्यावर तुम्ही उठता आणि स्क्रीन काळी होते, यात भुताटकी नाही.

शहरी घरांतला आणखी एक कॉमन लोचा म्हणजे यूएसबी-सीचा तो पिटुकला हब. त्यातले कित्येक फोर-के देतात खरे, पण ३० हर्ट्झवर. माउस गुळात फिरवल्यासारखा चालतो आणि आपण लॅपटॉप जुना झाला म्हणून हळहळतो. विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये 'ॲडव्हान्स्ड डिस्प्ले' उघडा, खरा रिफ्रेश रेट तिथे दिसतो. डेस्कटॉपवाल्यांनी मागे वाकून एक खात्री करावी : केबल ग्राफिक्स कार्डाच्या आडव्या पट्टीत खोचली आहे, की वरच्या मदरबोर्डच्या पोर्टमध्ये? साठ हजारांचं कार्ड घेऊन चित्र मदरबोर्डमधून काढणारे वीर मी पाहिलेत. मॉनिटरचा स्वतःचा मेनूही चाळा. काही मॉनिटरांत डिस्प्लेपोर्टचं व्हर्जन १.१ किंवा १.२ वर अडकवलेलं असतं. टीव्ही वापरत असाल तर एचडीएमआयचा 'डीप कलर' किंवा 'यूएचडी कलर' पोर्टनुसार वेगळा चालू करावा लागू शकतो.

केबल ठणठणीत आहे आणि एकच गेम काळा पडतोय, तर दोष त्या गेमच्या सेटिंगचा. ऑल्ट-एंटर दाबून तो खिडकीत आणून बघा. नाहीच आला, तर गेमची सेटिंग फाइल शोधून तिचं नाव बदला. बहुतेक गेम नवी फाइल बनवून पहिल्यासारखे उघडतात. सगळंच गोठलं तर विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी एकदम दाबा. ग्राफिक्स ड्रायव्हर नव्याने सुरू होतो. ड्रायव्हर पूर्ण उपटून परत टाकायचा उपाय आहे, पण तो सगळ्यात शेवटी. आपल्याकडे लोक तिथूनच सुरुवात करतात आणि रविवार घालवतात.

नवी केबल घ्यायचीच असेल तर लॅमिंग्टन रोड असो की पुण्याची तपकीर गल्ली, दुकानदाराला 'फोर-केवाली द्या' म्हणू नका. एचडीएमआय २.१ साठी पाकिटावर 'अल्ट्रा हाय स्पीड' असं लेबल आणि स्कॅन करता येणारा कोड असतो, तो बघा. आणि दोन मीटरच्या पुढे शक्यतो जाऊ नका.

पॅनल खरंच गेलंय का, हे ओळखायची सोपी खूण आहे. मॉनिटरचंच बटण दाबून त्याचा मेनू उघडा. हा मेनू मॉनिटर स्वतः काढतो, केबलमधून येत नाही. मागचं चित्र फाटलंय पण मेनू स्वच्छ, तर पॅनल बहुतेक ठीक आहे. केबल, कार्ड, ड्रायव्हर तपासा. रेघा मेनूवरूनही जात असतील, तर मात्र मोबाइलवर त्याचा व्हिडिओ काढा, बिल शोधा आणि वॉरंटीवाल्यांच्या मागे लागा. खोकं माळ्यावर असेलच. आईने ते भंगारवाल्याला दिलं नसेल तर.